पडवीतला बोलका डबा: घरच्या व्हॉइस असिस्टंटशी मुलांनी कसं खेळावं

गणपतीला येणारे चाकरमानी पूर्वी मुलांसाठी खाऊ आणि कपडे आणायचे. आता त्याच पिशवीतून कधीकधी मोठ्या पेरूएवढा एक गोल डबा निघतो. वायर लावायची, "अलेक्सा" किंवा "हे गूगल" म्हणायचं, की तो बोलतो. अनंत चतुर्दशी झाली की पाहुणे परत जातात आणि डबा मात्र घरी राहतो. पोरं चार दिवस तेच ते गाणं लावतात, त्याला चिडवून बघतात, आणि पुढे तो टीव्हीशेजारी धूळ खात पडतो.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरातली तीन आणि शेजारची दोन अशी पाच मुलं रोज संध्याकाळी आमच्या पडवीत असतात. गेली दोन वर्षं ह्या डब्याचे निरनिराळे खेळ आम्ही करून पाहतो आहोत. ज्यांच्याकडे तो नुकताच आला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: चांगला खेळ तोच, ज्यात मूल विचारतं, डबा सांगतो, आणि मग ते खरं की खोटं हे बघायला मूल उठून बाहेर जातं. मुलाला नुसतं बसवून ठेवणारे खेळ मी इथे घेतलेले नाहीत.

आधी जागा ठरवा

डबा मुलांच्या झोपायच्या खोलीत ठेवू नका. माजघरात किंवा पडवीत, जिथे येता-जाता मोठ्यांच्या कानावर सगळं पडतं अशा जागी ठेवा. आमचा माजघराच्या दाराशी, कोनाड्यात आहे. पडवीतूनही त्याला ऐकू जातं आणि चुलीशी असलेल्या माणसाला मुलं काय विचारतात तेही कळतं. पावसाळ्यात उघड्या खिडकीजवळ ठेवायचा नाही, कारण खारी हवा आणि झड दोन्ही त्याला बाधतात. वर पत्रा असेल तर जोराची सर आली की त्याला काही ऐकू येत नाही. मुलं ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. तेव्हा सर ओसरेपर्यंत खेळ बंद, असा आमच्याकडे नियमच आहे.

जांभ्याच्या भिंती जाड असतात, त्यामुळे वायफाय दोन खोल्यांपलीकडे पोचताना दमतं. राऊटरवर दोन नावं दिसत असतील तर २.४ गिगाहर्ट्झचं निवडा. त्याचा वेग थोडा कमी असतो, पण भिंतीतून ते जास्त लांब जातं. हा डबा स्वतः फक्त आपली हाक ओळखतो. पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकांकडे जातं आणि उत्तर तिकडून येतं. म्हणून लाइट किंवा नेट गेलं की तो निव्वळ डबा. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर आमच्या भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगावं, म्हणजे ऐन पावसात डबा गप्प झाला की रडारड होत नाही.

मोठ्यांनी करायची कामं

हा अर्धा तास मुलं शाळेत असताना काढा. फोनवर अलेक्सा किंवा गूगल होम हे ॲप घ्या, मोठ्या माणसाच्या खात्याने उघडा आणि डबा जोडा. ॲप एकेक पायरी दाखवत जातं, त्यात अवघड काही नाही. जोडून झालं की मुलांना हाक मारण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली, बोलून खरेदी करण्याची सोय बंद करा. अलेक्साच्या ॲपमध्ये सेटिंग्जमधल्या अकाउंट सेटिंग्जमध्ये 'व्हॉइस पर्चेसिंग' सापडतं. दुसरी, अचकट-विचकट शब्दांची गाणी गाळणारी चाळणी सुरू करा. संगीताच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्प्लिसिट' हा शब्द शोधला की ती मिळते. आमच्याकडे हे करायचं राहून गेलं होतं. एक दिवस आजी जपाला बसलेल्या असताना असं एक गाणं वाजलं की धाकटा स्वतःच घाबरून वायर काढायला धावला. तिसरी, ठिकाण नीट भरा. आमच्याजवळ मुरुड आहे, रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ मुरुड आहे आणि लातूर जिल्ह्यातही मुरुड आहे. मुलीने मुरुडचं हवामान विचारलं तर आमच्या डब्याने कडक ऊन सांगितलं आणि बाहेर छत्री उडून जाईल असा पाऊस. ॲपमध्ये पिनकोडसकट पत्ता भरल्यावर ते बरंचसं सुधारलं. तरी प्रश्नात जिल्ह्याचं नाव घ्यायची सवय लावलेली बरी.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मुलं जे बोलतात त्याचं रेकॉर्डिंग खात्यात साठू शकतं. २०२३ मध्ये अमेरिकेत मुलांची रेकॉर्डिंग गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या तक्रारीवरून ॲमेझॉनला २.५ कोटी डॉलर भरावे लागले. अलेक्साच्या ॲपमध्ये 'अलेक्सा प्रायव्हसी' आणि गूगलच्या खात्यात 'माय ॲक्टिव्हिटी' इथे जुनं बोलणं ऐकता येतं, पुसता येतं आणि ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जाईल असंही ठरवता येतं. ते ठरवून टाका. शिवाय डब्यावर माइक बंद करण्याचं बटण असतं. ते दाबलं की एकोवर, म्हणजे अलेक्साच्या डब्यावर, लाल दिवा लागतो, गूगलच्या स्पीकरवर नारिंगी. पाहुणे आले, घरात पैशाचं किंवा दुखण्याखुपण्याचं बोलणं निघालं की ते दाबायचं. हे काम मुलांनाच द्या. आमचा दुसरीतला ते इमानेइतबारे करतो, रात्री निजायच्या आधीसुद्धा.

घरात कोणाचं नाव 'अलेक्सा'च्या जवळ जाणारं असेल तर ॲपमधून हाकेचा शब्द बदलून 'एको' किंवा 'कंप्युटर' करता येतो.

भाषेचं काय?

हा प्रश्न मला प्रत्येक आई विचारते. एको भारतात २०१७ मध्ये आला आणि अलेक्सा हिंदी बोलू लागली २०१९ मध्ये. गूगलचा स्पीकर २०१८ चा, तोही इंग्रजी आणि हिंदीतला. म्हणजे डब्याशी बोलायचं तर मुलांना मुख्यतः ह्याच दोन भाषा वापराव्या लागतात. मराठीतून विचारायचं असेल तर मोठ्यांच्या फोनवरचा गूगल असिस्टंट किंवा गूगलचाच जेमिनाय वापरा. जेमिनायचं ॲप २०२४ च्या जूनमध्ये भारतात आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे. आम्ही दोन्ही वापरतो: डबा हिंदीसाठी, माझा फोन मराठीसाठी. फोन माझ्याच हातात राहतो.

अलेक्साच्या ॲपमध्ये हिंदी आणि इंग्रजी एकाच वेळी निवडता येतात. लहान मुलांना ते सोयीचं पडतं, कारण त्यांची हिंदी इकडून तिकडून गोळा केलेली असते. आमचा धाकटा पहिल्या आठवड्यात "अलेक्सा, गाना लाव ना गं" म्हणायचा. आता तो "लगाओ" म्हणतो. त्याच्या बाईंनी शाळेत विचारलं, ह्याची हिंदी एवढी सुधारली कशी.

पहिल्या दिवशी फक्त बोलायला शिकवा. हाक मारायची, दिवा लागेपर्यंत थांबायचं, मग एका दमात पूर्ण वाक्य बोलायचं. एकाने विचारायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. पाच मुलं एकदम बोलली तर डब्याला काही उमगत नाही, आणि हे कळल्यावर मुलं आपणहून पाळी लावतात. आमच्याकडे करवंटी फिरते. जिच्या हातात करवंटी, तिने बोलायचं.

त्याच दिवशी दोन पक्के नियम सांगा. डब्याला आपलं पूर्ण नाव, शाळा, घरचे फोन नंबर सांगायचे नाहीत. आणि तो "हे करून बघ" म्हणाला तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारायचं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत दहा वर्षांच्या एका मुलीने अलेक्साकडे काहीतरी करून दाखवायचं आव्हान मागितलं, तर अलेक्साने विजेच्या प्लगला नाणं लावायला सांगितलं. ते तिने इंटरनेटवरून उचललं होतं. आई जवळ होती म्हणून निभावलं, आणि कंपनीने ती चूक लगेच दुरुस्त केली. ही हकिगत मी मुलांना जशीच्या तशी सांगितली. डबा शहाणा नाही, तो फक्त सापडलेलं वाचतो, हे त्यांना त्या एका गोष्टीतून कळलं.

सोप्या खेळांनी सुरुवात

सापशिडीचा फासा हरवला असेल तर "अलेक्सा, पासा फेंको" म्हणा, ती आकडा सांगते. छापा-काट्यासाठी "सिक्का उछालो". पाच-सहा वर्षांच्या मुलांना प्राण्यांचे आवाज फार आवडतात. "शेर की आवाज़ सुनाओ" म्हटलं की डरकाळी येते. एकाने हळूच विचारायचं आणि बाकीच्यांनी पाठमोरं बसून ओळखायचं, असं केलं तर मोठी मुलंही खेळतात.

पुतळ्याचा खेळ तर सगळ्यांना येतो. गाणं लावायचं, नाचायचं, आणि ज्याच्या हातात करवंटी त्याने मध्येच "अलेक्सा, रुको" म्हणायचं. जो हलला तो बाद. आम्ही ह्यासाठी जाखडीची गाणी शोधून लावतो. जाखडीत फेर धरून पायांचा ठेका धरायचा असतो, त्यामुळे मध्येच थांबणं फार कठीण जातं आणि हसून पुरेवाट होते.

टायमरचा उपयोग खेळातही होतो आणि कामातही. "पाँच मिनट का टाइमर लगाओ" म्हणून पडवी आवरायची शर्यत लावा. मीच "आवरा रे" म्हणून कितीही ओरडले तरी जे होत नाही ते ह्या शर्यतीत होतं. टायमरला नाव देता येतं. गणपतीत उकडीचे मोदक चढवले की मधली जाऊन "मोदक के लिए बारह मिनट का टाइमर" सांगून येते. मग ती स्वतः मोदकपात्राजवळ उभी राहते, कारण झाकण काढायच्या वेळी मी तिथे असायला हवी हे बघण्याची जबाबदारी तिच्यावर असते.

'सण किती लांब' हा खेळ वर्षभर पुरतो. गणेश चतुर्थी किती तारखेला, होळी कधी, नारळी पौर्णिमा कधी, हे विचारायचं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाशी ताडून बघायचं. मग मधले दिवस मुलांनी स्वतः मोजायचे. शिमग्याला पालखी घरी कधी येणार हे मात्र डब्याला सांगता येत नाही. ते गावच्या मानकऱ्यांनाच विचारावं लागतं.

भरतीचा खेळ

हा आमच्याकडचा सर्वांत लाडका खेळ, म्हणून जरा सविस्तर सांगते. ह्याला किनाऱ्यावरचं घर आणि एक जुनं माणूस लागतं. कोकणात दोन्हींची वाण नाही.

आमच्या आबांच्या पिढीला भरतीची वेळ काढायला कुठलंच यंत्र लागत नसे. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. षष्ठीला सहा पाऊण साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दिवसाला दोन भरत्या, म्हणून तीच वेळ पहाटेची आणि दुपारची अशी दोन्हीकडे साधारण लागू होते, आणि भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग रोज तितकीच सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. म्हणून हा हिशेब इतका जवळ जातो. ज्यांनी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केली होती त्यांना तो तोंडी यायचा. आमच्या मुलांच्या कानावर पाऊणकी हा शब्दसुद्धा पडलेला नव्हता.

आता खेळ. मुलांचे तीन गट करा. पहिल्या गटाने कालनिर्णयात तिथी बघून पाऊणकीने वेळ काढायची. दुसऱ्या गटाने डब्याला विचारायचं: "आज रत्नागिरी में हाई टाइड कितने बजे है?" तिथे नीट उत्तर नाही मिळालं तर फोनवर मराठीतून विचारायचं. तिसऱ्या गटाने आबांना किंवा शेजारच्या एखाद्या खलाशाला विचारायचं. तिन्ही वेळा पडवीतल्या फळ्यावर लिहायच्या. मग मोठं माणूस बरोबर घेऊन किनाऱ्यावर जायचं आणि पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढतं, वाळूवर कचऱ्याची आणि शेवाळाची रेघ कुठे उमटते, ते घड्याळ लावून बघायचं.

पाऊणकीत आणि खऱ्या वेळेत थोडा फरक निघतो. तो का निघतो हे शोधणं हा खेळाचा पुढचा भाग. तिथी मध्यरात्री बदलत नाही, कधी दुपारी बदलते. ठिकाणाप्रमाणेही वेळ पुढेमागे होते, मुंबईची आणि रत्नागिरीची भरती एकाच मिनिटाला येत नाही. आमच्या नववीतल्या पुतण्याने दोन महिने वहीत नोंदी ठेवल्या आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त वर चढतं, अष्टमीच्या आसपास कमी, हे स्वतः रेघा मोजून काढलं. आबांनी त्याला त्या दोन अवस्थांचे शब्द दिले, उधाण आणि भांग. डब्याला त्याने 'भांग' म्हणजे काय विचारलं तर भलतंच उत्तर आलं. तेव्हापासून फळ्यावर 'डब्याला न येणारे शब्द' अशी एक वेगळी यादी वाढत चालली आहे.

एक सांगून ठेवते. ह्या खेळातल्या कुठल्याही वेळेच्या भरवशावर मुलांनी पाण्यात उतरायचं नाही. समुद्रात जायचं की नाही हे कोळीवाड्यातली माणसं सांगतील. पावसाळ्यात तर किनाऱ्यावरूनच बघायचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ह्या दिवसांत माशांची वीण होते आणि समुद्रही खवळलेला असतो, हे मुलांना ह्याच निमित्ताने सांगता येतं.

असाच सोपा खेळ सूर्यास्ताचा. "आज सूरज कब डूबेगा?" विचारायचं आणि किनाऱ्यावर जाऊन बिंब पाण्याला टेकल्यापासून दिसेनासं होईपर्यंत घड्याळ बघायचं. ढग नसतील तर दोन-अडीच मिनिटांत आटपतं. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. वर्षभर महिन्यातून एकदा लिहिलं तरी मुलांना तो सव्वा तासाचा फरक स्वतःच्या अक्षरात दिसतो.

बटाटा कुठून आला?

आठ-दहा वर्षांच्या वरच्या मुलांसाठी शब्दांचा खेळ. डब्याला भाषांतर करायला सांगता येतं. आधी मुलांना मोकळं सोडा: समुद्राला जपानीत काय म्हणतात? उत्तर येतं, उमी. माशाला? साकाना. दिवसभर घरात 'साकाना'चं कालवण होतं.

मग त्यांना पोर्तुगीजकडे वळवा. बटाट्याला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात ते विचारा. डबा म्हणतो, बटाटा. मुलं आधी म्हणतात, हे बिघडलं. पुन्हा विचारतात, पुन्हा बटाटा. मग काजू विचारा. काजू! साबण विचारला की सबाँव असं काहीसं ऐकू येतं. चावी विचारली की शाव्ह. पाव विचारला की पाँव. आमच्या मधलीचे डोळे त्या दिवशी जे मोठे झाले ते मी विसरणार नाही. "काकू, हे आपले शब्द त्यांनी घेतले?" तिने विचारलं. मग आम्ही उलगडत गेलो. पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागली, चौल-रेवदंड्याला त्यांनी ठाणं केलं. काजू आणि अननस त्यांनी अमेरिका खंडातून इकडे आणले आणि वस्तूंबरोबर शब्दही इथेच राहिले. आपला हापूस हा शब्दसुद्धा अफोन्सो ह्या पोर्तुगीज नावावरून आला. रेवदंड्याजवळ कोर्लईला आजही काही घरांत पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात.

ह्या खेळात डब्याचं काम फक्त उच्चार ऐकवण्याचं आहे. पण ते काम कुठलंही पुस्तक करू शकत नाही. म्हणून मला तो फार आवडतो. फारसी आणि अरबी शब्दांवरही हा खेळ होतो. मुलांना आपल्या घरातल्या वस्तूंची यादी करायला लावा आणि रोज दोन-दोन शब्द तपासा.

डब्याची परीक्षा

बहुतेक लोक डब्याला मास्तर करतात आणि मुलाला विद्यार्थी. आमच्याकडे उलटं असतं. मुलं प्रश्नपत्रिका काढतात, डबा उत्तरं देतो, मुलं गुण देतात. अट एकच: ज्या प्रश्नाचं खरं उत्तर मुलांनी आधी पुस्तकात किंवा माणसांकडून पक्कं केलेलं आहे तोच प्रश्न विचारायचा. म्हणजे अभ्यास मुलांचाच होतो.

प्रश्न आपल्या आसपासचे काढा. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग कधी सुरू झाला? २६ जानेवारी १९९८. तिची लांबी किती? रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. सर्वांत लांब बोगदा कुठला? रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरचा. लोकमान्य टिळकांचा जन्म कधी आणि कुठे? २३ जुलै १८५६, रत्नागिरी. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम कोणत्या वर्षी सुरू झालं? १६६४. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारं कासव कोणतं? ऑलिव्ह रिडले. तिथलं संवर्धनाचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरू केलं, हा प्रश्न आमच्या मुलांनी वेळासला जाऊन आल्यावर घातला.

साखळी प्रश्नांना दुप्पट गुण. उदाहरणार्थ, रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात कोण राहत होतं? ब्रह्मदेशाचा राजा थिबा. त्याला इकडे का आणलं? १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला देशाबाहेर काढलं. राजवाडा कधी बांधला? १९१०. तो परत गेला का? नाही, १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न काढायला मुलं ह्यात शिकतात. आमच्या मधलीने शेवटी डब्याला विचारलं, "राजाला घरची आठवण येत होती का?" डब्याने राजाची जन्मतारीख सांगितली. तिने शून्य गुण दिले आणि आजीला जाऊन तोच प्रश्न विचारला. आजी लग्न होऊन मुंबईतून ह्या गावात आलेल्या. त्या दोघी किती वेळ बोलत होत्या कोण जाणे.

नाटक आणि गोष्टी

सुट्टीत मुलं पडवीत दशावतार करतात. चादरीचा पडदा, कोळशाच्या मिशा, आणि आवाजांसाठी डबा. "बारिश की आवाज़ चलाओ", "बादलों की गरज सुनाओ" असं एकाने पडद्यामागून हळूच सांगायचं. त्याला आमच्याकडे 'गरजेवाला' म्हणतात आणि त्या भूमिकेसाठी भांडणं होतात. गोष्ट मात्र मुलांनी स्वतः रचायची. डब्याला गोष्ट सांग म्हटलं तर तो सांगतो, पण रोज त्याचीच गोष्ट ऐकली की मुलं रचायची थांबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून आठवड्यातून एकच गोष्ट त्याची, बाकी आजीची किंवा आपापली.

एकदा धाकट्याने "समुद्राचा आवाज लाव" म्हणून लाटांचा आवाज लावला आणि मग कान टवकारून म्हणाला, "हा आपला नाय." खरंच नव्हता. मग सगळी मुलं अंगणात जाऊन डोळे मिटून बसली आणि आपला समुद्र वेगळा कसा वाजतो ते सांगू लागली. आपल्याकडे लाट फुटल्यावर वाळूतून पाणी परत जाताना सुस्कारा येतो, तो डब्यातल्या समुद्रात नव्हता.

लाइट गेली की

वेळेचं बंधन मी असं ठेवलं आहे: संध्याकाळी अर्धा तास, तिन्हीसांजेला दिवा लागला की बंद. सातचं रिमाइंडर डब्यालाच लावून दिलं आहे, "दिया जलाने का समय". मुलं शुभंकरोतीला बसतात आणि धाकटा माइक बंद करून येतो.

पावसाळ्यात मात्र लाइट वेळ बघून जात नाही. तेव्हासाठी शेवटचा खेळ: मुलांनीच डबा व्हायचं. एकाने चादर पांघरून कोनाड्याखाली बसायचं. बाकीच्यांनी हाक मारून प्रश्न विचारायचे. उत्तर देण्याआधी चादरीतला टॉर्च लावायचा, कारण डब्याचाही दिवा लागतो. उत्तर येत नसेल तर "माफ करा, मला हे माहीत नाही" असं डब्याच्या सुरात म्हणायचं, गाणं मागितलं तर गायचं, टायमर मागितला तर तोंडाने मोजायचं. आमच्याकडे ह्या डब्याला आजीची बोली येते, भांग म्हणजे काय ते येतं आणि पालखी कधी येणार तेही येतं. मागच्या आषाढात तीन तास लाइट नव्हती. ती आली तेव्हा कोनाड्यातला खरा डबा टुण् करून जागा झाला, आणि चादरीखालून आवाज आला, "अलेक्सा, तू गप, आता माझी पाळी आहे."